पहिलीच्या वर्गात गप्पांचा वेळ वाया जातो का?

पत्र:

‘मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आजवर सहावी-सातवीला शिकवलं. यंदा जूनपासून पहिली आणि दुसरी एकत्र माझ्याकडे आली. 27 मुलं आहेत. त्यातली 9 शेजारच्या तांड्यावरून येतात, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. ती वर्गात मागच्या कोपऱ्यात बसतात आणि खिचडीच्या वेळीही वेगळी बसतात. बाकीच्यांचं सतत “बाई, यानं मारलं”, “बाई, तिनं पेन्सिल घेतली” चालू असतं. पहिलीतला एक मुलगा दीड महिन्यात एक शब्दही बोललेला नाही. मी रोज गोल करून गप्पा, गाणी, खेळ घ्यायला लागले. मुलं रमतात, पण मुख्याध्यापक म्हणतात वर्गात फार गोंगाट असतो आणि काही पालक म्हणतात, बाई नुसतं खेळवतात. वर निपुण भारत अभियानाची तपासणी आहेच. मी मुलांना एकत्र आणू की वाचायला शिकवू? दोन्हींना वेळ कुठून आणू?’

उत्तर:

ताई,

दोन्हींसाठी वेगवेगळा वेळ शोधत राहिलात तर तो कधीच मिळणार नाही. तो शोधूही नका. गोलात मुलं जे बोलतात तेच त्यांच्या वाचनाचं साहित्य करा. वर्ग चालवायला रोज जी मोजदाद लागते तेच त्यांचं गणित करा. पहिली-दुसरीत एकमेकांना ओळखणं आणि अक्षरं ओळखणं एकाच कामातून होतं, आणि झालं तर ते पक्कं होतं. कसं ते सांगते.

आधी हजेरी. तुम्ही नावं पुकारता, मुलं ‘हजर बाई’ म्हणतात आणि पुढच्या नावाकडे कुणाचंच लक्ष नसतं. त्याऐवजी जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, कोऱ्या बाजूवर प्रत्येकाचं नाव ठळक अक्षरात लिहा. नावाशेजारी एक खूण काढा, कुणाला फूल, कुणाला चांदणी, कुणाला मासा. दाराजवळ सुतळी बांधून तिला कपड्यांचे चिमटे लावा आणि नावं एका खोक्यात ठेवा. आल्या आल्या मुलानं आपलं नाव शोधून सुतळीला लावायचं. सुरुवातीला पहिलीची मुलं खुणेवरूनच नाव उचलतील. दोन-तीन आठवड्यांनी खूण कापून टाका. तोवर नाव डोळ्यांत बसलेलं असतं.

सगळे बसले की खोकं मध्ये आणायचं आणि विचारायचं, आत कोण राहिलं? ही राहिलेली नावं मुलं जीव लावून वाचतात, कारण ती त्यांच्या मैत्रिणीची, शेजाऱ्याची, काल भांडलेल्या मुलाची असतात. 27 पैकी 4 नावं खोक्यात, मग सुतळीला किती? हे दुसरीला विचारा. पहिलीला सुतळीवरची नावं मोजायला उठवा. मग सगळ्यांना विचारा, का नाही आला तो? शेजारच्या घरातला कुणीतरी सांगतो, त्याला ताप आलाय. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला की ‘ताप उतरला का?’ हे तुम्ही विचारू नका. ज्यानं काल सांगितलं होतं त्याला विचारू द्या. आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं, हे सहा वर्षांच्या मुलाला कळणं फार मोठी गोष्ट आहे. मूल शाळेत टिकतं ते पुष्कळदा एवढ्यावर.

आता तुमचा गोल. तो बंद करू नका, पण त्याला थोडी शिस्त लावा. वीस मिनिटं पुरे. रोज सगळ्यांनी बोलायचं नाही, रोज पाच-सहा जणांची पाळी, म्हणजे आठवडाभरात प्रत्येकाला एकदा नीट वेळ मिळतो. बोलणाऱ्याच्या हातात एक गुळगुळीत दगड द्या. दगड ज्याच्या हातात तो बोलेल, बाकीचे ऐकतील. तुम्हीही खाली सतरंजीवर बसा.

प्रश्न मात्र विचार करून निवडा. ‘सुट्टीत कुठे गेला होतात?’ असं विचारलं की मामाच्या गावाला किंवा पुण्याला जाऊन आलेली चार मुलं बोलतात आणि ज्यांचे आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्यावर होते ती खाली बघतात. ‘काय खाऊ आणला?’, ‘वाढदिवसाला काय केलं?’ हेही त्याच जातीचे प्रश्न. प्रत्येक घरात ज्याचं उत्तर आहे असंच विचारा. आज सकाळी तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठलं? येताना वाटेत काय दिसलं? तुमच्याकडे पाणी कोण भरतं? यांची उत्तरं सगळ्यांकडे असतात आणि कुणाचं उत्तर कुणापेक्षा लहान ठरत नाही.

समजा एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या शेळीला दोन करडं झाली. एक काळं, एक बांडं.’ तिथेच थांबा आणि तिचं बोलणं तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. ती ‘झाल्ती’ म्हणाली असेल तर ‘झाल्ती’च लिहा, पुस्तकी करू नका. खाली तिचं नाव लिहा. शब्दाखाली बोट फिरवत दोनदा वाचा, मग तिला वाचू द्या. तिला ते पाठच असतं, तरी ती ‘वाचते’. बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं पुन्हा बोलता येतं, हा वाचनाचा पहिला धडा तिला स्वतःच्या शेळीवरून मिळतो. मग विचारा, ‘काळं’मधला ‘का’ कुणाच्या नावात आहे? सुतळीवरून काजल येते, काशिनाथ येतो. ‘शे’ कुणाच्याच नावात सापडला नाही तर पुस्तकात शोधा.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य जाड कागदाच्या पट्टीवर लिहून आणा आणि मुलांसमोर कात्रीनं शब्द सुटे करा. ‘आमच्या’, ‘शेळीला’, ‘दोन’, ‘करडं’, ‘झाली’. पाच मुलांना एकेक शब्द द्या आणि ओळीत उभं करा. चुकीच्या जागी उभं राहिलं की वर्ग हसतो, ‘दोन आमच्या झाली’ वाचून खिदळतो आणि पाचही जण एकमेकांना ओढून जागा बदलायला लागतात. ‘शेळीला’ धरलेला मुलगा कितीही हुशार असला तरी ‘दोन’वाल्याशिवाय त्याचं वाक्य होत नाही. या पाचांत तांड्यावरची दोन आणि गावातली तीन घालणं तुमच्या हातात आहे. त्याच वेळी दुसरीतल्या मुलांनी वाक्य उतरवून घ्यायचं आणि शेळीविषयी स्वतःचं एक वाक्य पुढे जोडायचं. उरलेल्या पहिलीनं चित्र काढून त्याखाली जमेल तेवढं लिहायचं.

महिनाभरातली अशी वाक्यं चित्रांसकट शिवून ठेवा. ते तुमच्या वर्गाचं पुस्तक. रोज वेगळ्या मुलानं ते घरी न्यायचं. मळेल, फाटेल, पण जाऊ द्या. काही घरांत शाळेच्या दप्तराबाहेरचं ते पहिलं पुस्तक असेल.

एक गोष्ट स्पष्ट करते. गोल केला की वाचन आपोआप येतं असं मी म्हणत नाही. तसं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. अक्षरगट, काना-मात्रा, वेलांट्या यांचा रोज अर्धा तास क्रमानं सराव हवाच, बालभारतीच्या पुस्तकाला धरून हवा. पण त्या सरावातली अक्षरं लगेच मुलांच्या नावांत आणि वाक्यांत भेटली तर ती डोक्यात राहतात. नुसती बाराखडी घोकलेलं मूल ‘क-कमळ’ म्हणतं, पण कमळ शब्द दुसरीकडे दिसला तर त्याला वाचता येत नाही. हे तुम्ही पाहिलं असणार.

निपुणची भीतीही यातूनच कमी होईल. निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्यात मौखिक भाषा विकास हा वाचनाचा पाया मानलेला आहे. म्हणजे तुमचा गोल अभ्यासक्रमाच्या आतच आहे. शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले तर हे वाक्य बिनधास्त सांगा आणि वर्गाचं पुस्तक त्यांच्या हातात द्या.

तांड्यावरच्या मुलांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली ओळ तीच आहे. खिचडीच्या वेळी वेगळं बसणं सहा वर्षांच्या मुलांनी ठरवलेलं नाही. ते गावातून शाळेत आलेलं आहे. ‘सगळे समान’ असं भाषण देऊन ते जाणार नाही. ते मांडणीनं जातं. नावाच्या चिठ्ठ्या काढून पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट करा आणि दर सोमवारी बदला. आठवडाभर गटानं एकत्र बसायचं, एकत्र जेवायचं, गटानंच पाणी भरायचं आणि वाटप करायचं. चिठ्ठी सगळ्यांसमोर निघते, त्यामुळे ‘बाईंनी मुद्दाम बसवलं’ असं घरी सांगता येत नाही. तुम्ही रोज एका गटाबरोबर जेवायला बसा. पहिल्या आठवड्यात तांड्यावरच्या मुलांच्या ताटाशेजारी बसा. गावात कुणी कुरकुर केली तर नमू नका. शाळेत दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांशी भेदभाव होऊ नये ही जबाबदारी शिक्षण हक्क कायद्यानं शासनावर टाकली आहे आणि वर्गात ती तुमच्या हातून पार पडते. तुम्ही एकट्या नाही, कायदा तुमच्या बाजूनं आहे.

भाषेचंही तसंच. ही मुलं मागे बसतात याचं निम्मं कारण जात असेल, निम्मं कारण पुढे बसून काहीच कळत नाही हे असेल. तुम्ही थोडी गोरमाटी शिका. मुलांनाच शिकवायला सांगा. आईला तुम्ही काय म्हणता? याडी. फळ्यावर ‘आई’ लिहा, शेजारी ‘याडी’ लिहा आणि दोन्ही शब्द सगळ्या वर्गाकडून वाचून घ्या. भाकरी, शेळी, पाऊस, झोप असे रोज दोन-तीन शब्द घेतलेत तर दिवाळीपर्यंत तुमच्याकडे काम भागेल एवढा साठा होतो. बाई चुकीचं बोलतात आणि आपण त्यांना सुधारतो, हे अनुभवलेलं मूल दुसऱ्या दिवशी मराठी चुकीची बोलायला घाबरत नाही. दुसरीतली एखादी मुलगी दोन्ही भाषा चांगल्या बोलत असेल. सूचना समजावून द्यायला तिची मदत घ्या, फक्त तिला दिवसभर दुभाषी करून टाकू नका, तिचा स्वतःचा अभ्यास बुडेल.

या वाटेवर आपल्याआधी मोठी माणसं चालून गेली आहेत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला काम उभं केलं, तेव्हा गरीब वस्त्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. मुलं येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथला. अंगणवाडी तिथून आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी या दोघींनी कुरणातच शाळा भरवली. खडे, पानं, बिया, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य. मूल ज्या जगातून येतं त्या जगाला वर्गात जागा दिली की मूलही येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

तुमच्या गणितात हे अगदी सहज करता येईल. वर्गातल्या कितीतरी घरांनी ऊस तोडलेला आहे. मोळी बांधणं मुलांनी जवळून पाहिलेलं आहे. खराट्याच्या काड्या तोडून आणा. दोघादोघांची जोडी करा, जोडीला एक मूठ काड्या आणि रबरं द्या. एकानं दहा काड्या मोजायच्या, दुसऱ्यानं पुन्हा मोजून खात्री करायची आणि मोळी बांधायची. उरल्या त्या सुट्या. तीन मोळ्या आणि चार सुट्या म्हणजे 34. मग कामाची अदलाबदल. मोळीत नऊच काड्या निघाल्या तर ती सोडून पुन्हा बांधायची, हे मोजणाऱ्या जोडीदारानंच सांगायचं. दशक-एककाची कल्पना ज्यांना पाटीवर महिनाभर कळत नाही, ती मुलं मोळीवर दोन दिवसांत बोलायला लागतात. आणि इथे तांड्यावरची मुलं पुढे असतील, बघा. मोळी कशी आवळायची ते त्यांना माहीत असतं. गावातली मुलं त्यांच्याकडे विचारायला जातील.

भांडणांचं मी थोडक्यात सांगते. आधी एक गोष्ट बंद करा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मॉनिटर तुमच्याकडे असेल तर त्याची नेमणूक आजच रद्द करा. त्यातून मुलं एवढंच शिकतात की दुसऱ्याचं नाव सांगितलं की आपण चांगले ठरतो. तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा निम्मा पूर तिथून येतो. हातावर स्टार काढणं, ‘हुशार मुलांची रांग’ हेही सोडा. मग शांत वेळी, भांडण नसताना, नाटुकलं करून दाखवा. तुम्ही एका मुलीची पेन्सिल ओढा आणि तिनं म्हणायचं, ‘बाई, मला हे आवडलं नाही. परत द्या.’ सगळ्यांना जोड्यांनी हे करू द्या. वर्गाचा नियम असा, की आधी त्याला स्वतः सांगायचं, नाही ऐकलं तर माझ्याकडे यायचं. लागलं असेल, रक्त आलं असेल, कुणी घाबरवत असेल तर मात्र थेट माझ्याकडे. तक्रार आली की ‘त्याला सांगितलंस का?’ एवढंच विचारा. पंधरा दिवस हे सोसावं लागेल, मग ओघ कमी होतो. आणि कितीही वैताग आला तरी हात उचलू नका, अपमान करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. त्याहून मोठं कारण हे, की बाई मारतात त्या वर्गात मुलं मारायलाच शिकतात.

न बोलणारा मुलगा तांड्यावरचा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर दीड महिन्याची शांतता फारशी काळजीची नाही. नव्या भाषेत पडलेलं मूल आधी बराच काळ नुसतं ऐकतं. त्याला बोलायची सक्ती करू नका, ‘हा बोलतच नाही’ हे त्याच्यासमोर कुणालाही म्हणू देऊ नका. गोलात दगड त्याच्याकडे आला की तो पुढे देऊ शकतो, हे सगळ्यांसाठीच ठेवा. त्याला न बोलता करायचं, पण वर्गाला लागणारं काम द्या. नावांचं खोकं आणणं, गटात काड्या वाटणं. चित्र काढून उत्तर देऊ द्या. मात्र या आठवड्यात त्याच्या आईला भेटा आणि विचारा, घरी बोलतो का? मागून हाक मारली तर वळतो का? घरीही बोलत नसेल किंवा ऐकू येण्याची शंका असेल तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं त्यांना आवर्जून दाखवा, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही कळवा. घरी भरपूर बोलतो आणि शाळेत दिवाळीनंतरही गप्पच, असं झालं तरी हेच करा.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. त्यांना एक दिवस मोळ्यांच्या वेळी अर्धा तास वर्गात बसायला बोलवा. काम करतानाचा आवाज आणि गोंधळ यातला फरक आत बसल्याशिवाय कळत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तिथे मान्यही करा. शेजारच्या वर्गाला खरंच त्रास होत असेल तर गाणी आणि खेळ मैदानात किंवा व्हरांड्यात न्या. आणि मुलांना गप्प करण्याची एक खूण पक्की करा. तुम्ही एका तालात टाळ्या वाजवायच्या, मुलांनी तोच ताल परत वाजवायचा, की शांतता. ओरडून शांत करायला गेलं की आवाज वाढतोच.

पालकांना ‘खेळातून शिक्षण’ समजावत बसू नका, त्यांना दाखवा. माता पालक गटाच्या बैठकीला आयांना वर्गाचं पुस्तक द्या आणि त्यांच्या मुलाकडून त्याचंच वाक्य वाचून घ्या. एखाद्या आईला जात्यावरच्या ओव्या येत असतील, एखाद्या वडिलांना गाडीत मोळ्या कशा रचतात ते सांगता येईल, त्यांना अर्धा तास वर्गात बोलवा. तांड्यावरच्या आयांना आधी बोलवा, आणि निरोप पाठवून नको, तुम्ही स्वतः तांड्यावर जाऊन.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण दोन-तीन महिन्यांत समोर येणार आहे. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या येतील आणि तुमच्या 27 मधली काही मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर निघून जातील. आतापर्यंत बांधलेला वर्ग तिथे मोडतो. म्हणून तयारी आत्ताच करा. कोणकोणती घरं जाणार याची यादी ऑगस्टमध्येच काढा. आजी-आजोबांकडे मूल राहू शकतं का, तुमच्या भागात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव झाला आहे का, हे मुख्याध्यापकांना घेऊन विचारा. नवे प्रस्ताव वेळेत जावे लागतात. तरीही जे जाईल त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतील. आईच्या मोबाईलचा नंबर लिहून घ्या. सुतळीवरचं त्याचं नाव काढू नका, एका टोकाला ‘गावाला गेलेले’ म्हणून वेगळं लावा. आठवड्यातून एकदा त्या दिवशीच्या गटाला त्याच्यासाठी निरोप बोलू द्या आणि तो मोबाईलवर पाठवा. शेळीची करडं मोठी झाली, आम्ही 50 पर्यंत मोळ्या बांधल्या, तू कधी येणार, असं काहीही. मार्च-एप्रिलमध्ये तो परत येईल तेव्हा अभ्यासात मागे पडलेला असेल. ते भरून काढायला दुसरीतला एक जोडीदार आणि रोजची वीस मिनिटं लागतील, तो वेळ आत्ताच तुमच्या वेळापत्रकात राखून ठेवा.